कूलर चालू राहू द्या

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच कुणाला टांगून ठेवायला मला आवडत नाही. आम्ही जिंकलो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची फिरती ढाल आमच्या विभागात पहिल्यांदाच आली आणि ती मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्या आवारात मिरवली. त्या मिरवणुकीत दाराच्या चौकटीला आपटून ढालीचा एक कोपरा उचकटला. विभागातले लोक अजून तो कोपरा दाखवून माझं नाव घेतात. ढालीबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते माझ्या आवाजाबद्दल, आणि तो ज्यांना ऐकू जावा म्हणून मी ही सगळी उठाठेव केली त्या माझ्या बाबांबद्दल.

आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहतो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या मशीनवर. कंपनीच्या बसने जायचे, कंपनीच्या बसने यायचे, आणि या जाण्यायेण्यात कधीतरी त्यांचे कान तिकडेच राहून गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग आमचा. भाजीत मीठ कमी पडलं तर ती बातमी आमच्याकडून तिसऱ्या घरापर्यंत जायची. कानाचं यंत्रही आणलं होतं. बाबांनी ते थोडे दिवस लावून पाहिलं, मग काढून ठेवलं आणि म्हणाले, "याच्यात तं अख्खा कारखाना भरला आहे." तेव्हापासून ते यंत्र कपाटात आहे आणि आमचे घसे कामावर.

मी शाळेत असताना बाबा गॅदरिंगला यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून, पुढची खुर्ची पकडून बसायचे. एकदा नाटकात मी झाड झाले होते. झाडाला काही काम नसतं, म्हणून मी बाबांकडे बघत उभी होते. लोक हसले की बाबा आधी उजवीकडे बघायचे, मग डावीकडे, आणि शेजाऱ्यांचे दात दिसले की मग हसायचे. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या मागून. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि "लय मस्त झालं" म्हणाले. त्यांना त्यातलं काडीमात्र ऐकू आलेलं नव्हतं.

पुढे त्यांनी येणंच सोडलं. "मले काय समजते तिथं? तुमी दोघी जा," म्हणायचे, आणि आई नि मी जायचो. मला फार वाईट वाटायचं. राग पण यायचा, पण बाबांवर राग धरून काय करणार, म्हणून तो इतरांवर निघायचा. तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की एक दिवस भरल्या सभागृहात बाबा माझं बोलणं ऐकतील. शेजाऱ्याच्या तोंडावरून नाही, माझ्याच तोंडून.

म्हणून विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतल्यावर वर्गाच्याही आधी मी नाट्यमंडळाची खोली शोधून काढली. मंडळ चालवणारा दिग्दर्शक आमच्याच विभागातला, एक वर्ष पुढचा मुलगा. तो पुण्याला कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आला होता आणि येताना एक शब्द घेऊन आला होता, 'अंडरप्ले', म्हणजे सगळं दबक्या सुरात, कमीत कमी. चहा सांगतानाही तो अंडरप्ले करायचा, त्यामुळे चहा कधी यायचाच नाही. त्याने माझ्या हातात कागद दिला. मी वाचायला लागले. पहिलाच परिच्छेद संपतो न संपतो तोच शेजारच्या कार्यालयातले बाबू धावत आले. भांडण कुणाचं लागलं, हे बघायला.

दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. "तुला हळू बोलता येतच नाही का?" तो म्हणाला.

"हे हळूच होतं," मी म्हटलं.

"तू व्यवस्थापन बघ."

ज्याला काहीच जमत नाही त्याला व्यवस्थापन देतात, हे मला माहीत होतं. नाक मुरडून निघून जावं असं फार वाटलं. पण मी हट्टी आहे. मी ते व्यवस्थापन असं केलं की पुढे मंडळाची माझ्याशिवाय काडी हलेना. सभागृहाची किल्ली मी आणायची. तालमीला दांडी मारणाऱ्यांना मी वसतिगृहाच्या फाटकातून हाक मारायची. फोन लागला नाही तरी चालायचं, खिडकी उघडी असली की पुरे.

एकांकिका होती सार्वजनिक नळावरच्या रांगेची. एका वस्तीतला एकच नळ, त्याच्यापुढे बायामाणसांची रांग, आणि त्या रांगेवर राज्य करणारी एक म्हातारी. त्यासाठी जुनी भांडी हवी होती. मी इतवारीतल्या भांड्यांच्या ओळीत गेले आणि एका दुकानदाराला पोचे पडलेले गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, नि कळश्या मागितल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "लोकं इथं चमकणारे भांडे घ्याले येतात, अन् तू पोचे पाहून राहिली?" मग मागच्या बाजूला मोडीत आलेल्या भांड्यांचा ढीग होता, त्यातली निवडून दिली, काम झाल्यावर परत आणायच्या बोलीवर. हातगाडीवाला गल्लीच्या तोंडाशी, मी आत, मधे टेम्पो अडकलेला. मी आतूनच त्याला "डावीकडून घ्या!" सांगितलं आणि हातगाडीवाला, टेम्पोवाला नि एक स्कूटरवाला, तिघेही डावीकडे वळले. माझ्या आवाजाने केलेलं ते पहिलं सार्वजनिक काम.

विभागाचा विद्यार्थी प्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा माझं नाव दिग्दर्शकानेच सुचवलं. प्रतिनिधीला कार्यालयात खेटे घालावे लागतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हात वर करून मतं घेतली. सगळा वर्ग हात वर करून बसला. त्यातले अर्धे प्रेमाने आणि अर्धे मी बघत होते म्हणून. घरी जाऊन सांगितलं तर आईने विचारलं, "प्रतिनिधी म्हणजे काय करते वं?"

"ओरडते," मी म्हटलं.

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं. आईने त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना ही बातमी कळलेली होती, आणि बाबांच्या आवाजात सांगितलेली बातमी बसबाहेरही गेली असणार.

आता स्पर्धा. एरवी ती थंडीत होते, पण परीक्षांचं वेळापत्रक पुढे सरकलं, तशी स्पर्धाही सरकली आणि येऊन पडली एप्रिलमध्ये. नागपूरचा एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. या दिवसांत आमच्याकडे लोक एकमेकांना "कसे आहा?" विचारायच्या आधी "कूलर लागला का?" विचारतात. आमच्या तालमीच्या सभागृहात दोन कूलर होते, माणसापेक्षा उंच, लोखंडी, आणि ते सुरू झाले की विमानतळावर उभं असल्यासारखं वाटायचं. दिग्दर्शक तालमीला ते बंद करायचा. "मला कुजबूजसुद्धा ऐकू आली पाहिजे," असं त्याचं म्हणणं. वर एकाग्रतेसाठी दारंही लावून घ्यायचा.

एका दुपारी म्हातारीचं काम करणारी मुलगी संवाद बोलता बोलता खाली बसली. आम्हाला वाटलं अभिनय करतेय. छान करतेय, असंही कुणीतरी म्हणालं. तिला भोवळ आली होती. आम्ही तिला पाणी पाजलं, ओला रुमाल डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची आई विभागात आली आणि मुलगी आता येणार नाही म्हणून सांगून गेली. मग विभागप्रमुख बाईंनी प्रतिनिधी म्हणून मला बोलावलं. पुन्हा असं काही झालं तर तालीम बंद, स्पर्धा बंद, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

मी परत आले आणि दोन्ही कूलर लावले.

"बंद कर," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही करणार. कुणाला काही झालं तर जाब मला द्यावा लागतो."

"मग संवाद कुणाला ऐकू जाणार?"

"मोठ्याने बोलायचं."

"म्हणजे तुझ्यासारखं?"

सगळे खाली बघायला लागले. ते मला लागलं, फार लागलं. पण माघार घेणं रक्तातच नाही. "हो," मी म्हटलं, "माझ्यासारखं."

त्याचा चेहरा लाल झाला. पुणं कुठल्या कुठे गेलं आणि आतला नागपूरकर बाहेर आला. "तं मंग तूच कर वं म्हातारी! काहून दुसऱ्याले सांगून राहिली?"

अशी मला ती भूमिका मिळाली. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट शिवीसारखी अंगावर फेकली गेली आणि मी ती वरच्या वर झेलली.

पण खरं सांगायचं तर पुढचे दोन-तीन दिवस आमचे हाल झाले. सगळे ओरडत होते. कूलर ओरडत होते. पहिल्या प्रवेशातच दोघांचा घसा बसला. नळावरचं भांडण अगदी खरं वाटत होतं, इतकं खरं की कोण काय बोलतंय हे कुणालाच कळत नव्हतं. मी सर्वांत मोठ्याने ओरडत होते आणि माझंही कळत नव्हतं. दिग्दर्शक हाताची घडी घालून कोपऱ्यात बसून राहिला. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

त्यातल्याच एका संध्याकाळी घरी आले तर बाबा कूलरपुढे पेपर घेऊन बसलेले. मी मागून म्हटलं, "बाबा, जेवायला चला." काही नाही. आणखी जोरात. "काय?" आणखी जोरात. "कोन आलं?" तेवढ्यात आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. बाबांच्या समोर उभी राहिली. काहीच बोलली नाही. बाबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जेवाले चाला. पोळ्या थंड होऊन राहिल्या."

बाबा पेपर ठेवून उठले.

मी तिथेच उभी राहिले. हे मी जन्मापासून रोज बघत होते. आमच्या घरात सगळेच ओरडतात असं मी सगळीकडे सांगत फिरायचे, आणि आई कधीच ओरडत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जेवताना मी तिला विचारलं, त्यांना तुझं कसं ऐकू जातं?

"ओरडलं का आवाज फाटते न वं," आई म्हणाली. "मंग शब्द नाही पोचत, नुसता कल्ला पोचते. आधी त्यायची नजर येऊ द्याची. तोंड त्यायच्याकडे ठेवाचं. अन् शेवटचा शब्द गिळाचा नाही. तू अर्धं वाक्य पाहताना बोलतं अन् अर्धं पाठ फिरवून."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना कूलरच्या बाजूला उभं केलं आणि आईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. आईचं आहे, असं मात्र लगेच सांगितलं नाही. आधी बघा, समोरच्याची नजर येऊ द्या, मग तोंड पुढे ठेवून बोला, आणि वाक्याचा शेवट खाऊ नका. पोरं हसली. मग करून बघितलं. दिग्दर्शक उठून कूलरच्या मागे जाऊन उभा राहिला, जिथे सर्वांत जास्त आवाज होता तिथे. आम्ही एक प्रवेश केला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांवर पाण्याचे तुषार होते.

"ऐकू येतंय," तो म्हणाला. मग केस पुसत म्हणाला, "पुण्याला आम्हाला हेच शिकवत होते. मला वाटलं होतं हळू बोला म्हणून सांगतायत."

मला तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. त्याने पुढच्या दिवसांत सगळी एकांकिका नव्याने बांधली. लांबलचक वाक्यं तोडली, कुणी पाठमोरं बोलत असेल तर त्याला फिरवलं, दोघांनी एकदम बोलायची जागाच ठेवली नाही. 'अंडरप्ले' हा शब्द त्याच्या तोंडून परत ऐकला नाही. मी म्हातारी करत होते आणि ओरडत नव्हते. घसा इतका मोकळा मला कधीच वाटला नव्हता.

बाबांना मी स्पर्धेला या म्हटलं. "मले काय समजते तिथं?" ते म्हणाले. ठरलेलं उत्तर. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, नजर येऊ दिली आणि म्हणाली, "पोरगी म्हातारी झाली आहे. पाहाले चाला."

स्पर्धेचं सभागृह आमच्या दुप्पट मोठं, आणि दोन्ही भिंतींना कूलरची रांग. रंगमंचावर माइक टांगलेले होते, पण त्यांत संवादांपेक्षा पंख्यांची घरघरच जास्त जात होती. पहिल्या संघाने कूलर बंद करायला लावले. थोड्याच वेळात प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले आणि मागच्या रांगा उसाच्या रसाला निघून गेल्या. नंतरच्या संघाने कूलर चालू ठेवले, तर नट नुसतेच तोंड हलवताना दिसत होते. तिसऱ्या वेळी मधेच बंद केले, तेव्हा मागून आवाज आला, "अबे कूलर लाव ना भाऊ, मरून राहिलो!" संयोजक बिचारे घामाघूम. प्रत्येक संघापुढे येऊन विचारत होते, चालू की बंद?

आमची पाळी आली. संयोजक विंगेत आले. दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं.

"चालू राहू द्या," मी म्हटलं.

"नक्की? आधीच्या संघाचं काही ऐकू नाही आलं."

"नक्की. टाक्यांत पाणी तेवढं भरून घ्या."

मग मी पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. आईबाबा उशिरा आले होते. नागपुरात कूलरसमोरच्या खुर्च्या सर्वांत आधी भरतात, तशा भरल्याही होत्या, पण कुणीतरी भला मुलगा बाबांना बघून उठला होता. "काका, इथं बसा, हवा येते." आणि बाबा तिथे बसले होते, पहिल्या रांगेच्या टोकाला. त्यांच्या उजव्या कानाला लागून त्या भिंतीवरचा सर्वांत मोठा कूलर. त्याच्या वाऱ्याने त्यांच्या शर्टाची बाही फडफडत होती. आईला मागे जागा मिळाली होती. मला रडू यायला लागलं. एवढं सगळं करून शेवटी बाबा कारखान्यातच बसले, असं वाटलं.

पडदा उघडला. नळ, रांग, इतवारीतले पोचे पडलेले गंज. माझ्या म्हातारीचा पहिला मोठा प्रसंग असा होता: काळा चष्मा लावलेला एक दांडगा पोरगा भलामोठा ड्रम घेऊन रांगेत सर्वांत पुढे घुसतो आणि म्हणतो, नळ काय तुझ्या बापाचा आहे का, सरकारचा आहे. त्याने ते म्हटलं, अगदी स्पष्ट, शेवटचा शब्द न गिळता. मी माझी कळशी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं. मग तोंड प्रेक्षकांकडे केलं आणि थांबले.

त्या थांबण्यात मी कूलरजवळच्या खुर्चीकडे बघितलं. बाबा उजवीकडे बघत नव्हते. डावीकडेही बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, जेवायला बोलावताना आईकडे बघतात तसे.

"नळ सरकारचा आहे गा," मी म्हटलं. "पन रांग माही आहे."

बाबा हसले. कुणाचंही तोंड न बघता, सगळ्यांच्या आधी, मांडीवर हात मारून हसले. त्यांच्या मागून सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. डोळ्यांतल्या पाण्याने म्हातारीच्या सुरकुत्यांचा रंग वाहून जाऊ नये म्हणून मी नळाकडे वळून कळशी उचलायचं नाटक केलं.

पुढचं वाक्य माझंच होतं. मी परत वळले, तोंड पुढे केलं आणि बघितलं, तर बाबांच्या शेजारचा गृहस्थ त्यांच्याकडे वाकला होता. त्याचे कान चांगले असणार, पण कूलरपाशी बसून तोंड वाचायची त्याला सवय नव्हती. त्याचे ओठ मला वरूनसुद्धा वाचता आले. काय म्हणे ते, काका?

आयुष्यभर हा प्रश्न बाबांनी दुसऱ्यांना विचारला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारत होतं. बाबा सावरून बसले, त्या माणसाकडे तोंड केलं आणि आपल्या हिंगण्याच्या आवाजात, कूलरच्या वरून, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं सांगितलं, "म्हणे, नळ सरकारचा आहे, पन रांग माही आहे! माही पोरगी आहे ते!"

सगळं सभागृह दुसऱ्यांदा हसलं. पहिल्यापेक्षा जास्त. काळ्या चष्म्यातला पोरगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, विंगेतून दिग्दर्शक हाताने पुढे, पुढे करत होता. मी कळशी कमरेवर घेऊन तशीच उभी राहिले. बाबांचं बोलून होऊ दिलं, आणि मगच पुढचं वाक्य घेतलं.